थंडीतला कडक ब्रेक

हॉस्टेलवर 'ब्रेक' म्हटलं की आधी चहाचा ब्रेक आठवतो. पण हा लेख पायाखालच्या ब्रेकबद्दल आहे, आणि तोही थंडीत पहाटे न लागणाऱ्या.

डिसेंबरातली गोष्ट. शनिवार-रविवार मी पिंपळे गुरवला मामांकडे होतो. (रविवारी रात्री मेस बंद असते, हे मामींना सांगावं लागत नाही.) सोमवारी मामांची चाकणला फर्स्ट शिफ्ट, म्हणून पावणेसहाला निघालो. नदीकाठचा भाग, काचांवर दव, अंगात स्वेटर. गाडी जुनी, पेट्रोलची. मामांनी स्टार्टर मारला, गिअर टाकला आणि सोसायटीचा रॅम्प उतरायला लागलो. खाली गेटपाशी स्कूलबसची वाट बघत दोन पोरं उभी होती. मामांनी ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं कडक आणि गाडी आपली चाललीच आहे! हँडब्रेक ओढल्यावर गेटच्या हातभर अलीकडे थांबलो. वॉचमन काकांनी पोरांना केव्हाच बाजूला ओढलं होतं.

"अरे, आठवडाभर असंच चाललंय," मामा म्हणाले. "पहिले दोन-तीन मिनिटंच. नंतर एकदम झकास."

गॅरेजला दोनदा दाखवून झालं होतं. पॅड बदलले, ब्रेक ऑईल बदललं, एअर काढली. बिल झालं, ब्रेक तसाच. गॅरेजवाल्यांचीही चूक म्हणवत नाही. गाडी त्यांच्याकडे अकरा वाजता, गरम होऊन पोचायची. तेव्हा दुखणंच गायब! दात दुखायचा थांबल्यावर डेंटिस्टकडे जाण्यातला प्रकार.

आता खरी गंमत इथे आहे. ब्रेक 'कमी' लागतो म्हणजे नक्की काय, हे पाय सांगतो. पेडल मऊ लागतं किंवा हळूहळू खाली बसतं, तर संशय ऑईलवर: लाईनमध्ये हवा, कुठे तरी गळती किंवा मास्टर सिलिंडर. पेडल कडक आहे आणि तरी गाडी थांबत नाही, तर ऑईलला आधी हात लावू नका, बूस्टर बघा. मामांचं पेडल कडक होतं. एअर काढून काय होणार?

बूस्टर म्हणजे बॉनेटखाली ड्रायव्हरसमोरचा तो काळा गोल डबा. ओरलला आपण सगळेच त्याची आकृती काढतो आणि विसरतो. आत डायफ्रॅम, दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम. पेडल दाबलं की ड्रायव्हरकडच्या बाजूला बाहेरची हवा आत येते आणि डायफ्रॅमला ढकलते. म्हणजे ब्रेक दाबायला मदत करते ती हवा! हिशोब करून बघा. २० सेंटिमीटर व्यासाच्या डायफ्रॅमचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन बाजूंतला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो धरला, तर जोर जवळजवळ १९० किलो. व्हॅक्यूम निम्मा झाला की जोरही निम्मा.

हा व्हॅक्यूम पेट्रोल गाडीत इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. (डिझेलला तसा थ्रॉटल नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.) इंजिन गार असताना आयडल मुद्दाम वाढवलेला असतो, जास्त हवा आत जाते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम कमी. मग पहाटे सगळ्यांचेच ब्रेक का जात नाहीत? कारण डब्याच्या पाइपात एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद केलं तरी तो आतला व्हॅक्यूम धरून ठेवतो. सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक त्या शिलकीवर लागतात.

मामांची शिलक रात्रीत संपत होती.

हे तपासायला एक पैसा लागत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा मुक्काम ठोकला (मामी खूश) आणि पहाटे इंजिन चालू करण्याआधीच पेडल दाबून पाहिलं. बूस्टर धड असेल तर पहिल्यांदा पेडल मऊ जातं, मग प्रत्येक दाबण्याला वर आणि कडक येतं. इथे पहिल्यालाच कडक! मग पाय दाबून ठेवून स्टार्टर मारला. अशा वेळी पेडल पायाखाली लगेच थोडं खाली जायला हवं. आमचं गेलं, पण बऱ्याच वेळाने, रडतखडत. नंतर व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकला. डब्याच्या बाजूने फुंकलं तर हवा जायला हवी, इंजिनच्या बाजूने अजिबात नाही. आमच्या व्हॉल्व्हमधून दोन्हीकडून आरपार. आतलं रबर कडक झालं होतं, थंडीत जास्तच. व्हॉल्व्ह शाबूत निघाला असता, तर पाइप आणि खुद्द बूस्टर बघावा लागला असता.

दव पडून डिस्कवर रात्रीत गंजाचा पातळ थर येतो, पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर होते, ते वेगळं. तो थर घासून जातो. आणि ब्रेक ऑईलमध्ये पाणी शिरलं असेल तर त्याचा त्रास थंडीत नाही, खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक तापल्यावर होतो. कोऱ्या डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरू शकतो. तिथे पेडल मऊ पडतं.

चालत्या गाडीत कधी पेडल असं कडक झालं तर घाबरून पाय उचलून पुन्हा पुन्हा मारू नका. उरलासुरला व्हॅक्यूमही त्यात जातो. दोन्ही पायांनी एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरा. ऑईलची लाईन शाबूत आहे, ब्रेक लागतो. (पेडल खाली बसत असेल तर मात्र उलट, भराभर मारायचं.) आणि पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग आपल्यातही आहेत. त्यांच्याकडे शिलकीचे दोन-तीन ब्रेक असतात, बस्स.

नवा व्हॉल्व्ह बसवायला दहा मिनिटं लागली. मामा आता चावी फिरवण्याआधी एकदा पेडल दाबून बघतात. जुना व्हॉल्व्ह माझ्या रूमवर आहे. फुंकून बघायचा असेल तर या, पण आधी धुऊन घ्या, अर्धी विंग फुंकून गेलीय.