स्वेटर विसरू नका

संमेलनाला येणाऱ्या मंडळींचे फोन सुरू झाले आहेत. दर दुसऱ्या फोनवर तोच प्रश्न: "समुद्र जवळच आहे म्हणे, पोरांचे पोहायचे कपडे घेऊ ना?" घ्या की, पण बॅगेत आधी स्वेटर भरा. ऐन जुलैत वॉटसनविलची सकाळ धुक्यात उजाडते आणि दुपारचा पारा वीस-बावीस अंशांच्या आसपास रेंगाळतो. त्याच दुपारी डोंगरापलीकडे सॅन होजेत लोक एसी लावून बसलेले असतात. आमच्याकडे बहुतेक घरांत एसीच नाही.

आम्हीही डोंगरापलीकडचेच. बारा वर्षं सनीवेलच्या अपार्टमेंटमध्ये काढली. मग नवऱ्याचं ऑफिस आठवड्यातून दोन दिवसांवर आलं आणि आम्ही कोरालिटोसच्या रस्त्याला अर्ध्या एकरातलं जुनं घर घेतलं. हायवे 17 ची वळणं ओलांडून आलं की एकदम हवाच बदलते. पहिल्या वर्षी दापोलीहून सासूबाई आल्या. मॅनरेसाच्या पुळणीवर त्यांनी चपला काढल्या, पाण्यात पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं. म्हणाल्या, "हा कसला गो समुद्र, पाय घालवत नाही!"

खरंच घालवत नाही. पाणी तेरा-चौदा अंशांचं, उन्हाळ्यातही फार तर दोन-तीन अंश जास्त. याचं कारण वारा आणि खोलातलं पाणी. समुद्र किती खोल, ते इथून थोडं दक्षिणेला, मॉस लँडिंगच्या बंदरासमोर कळतं. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्राच्या तळाला एक दरी सुरू होते. पुढे तिचे कडे दीड किलोमीटरहून उंच होतात, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या तोडीचे. वसंतापासून वायव्येचा वारा सुटला की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गारढोण पाणी वर येतं. त्याच्यासोबत खतासारखं पोषण येतं. म्हणून मासे, म्हणून देवमासे. एप्रिल ते नोव्हेंबर हंपबॅक, हिवाळ्यात ग्रे व्हेल. एल्कहॉर्न स्लूच्या खाडीत पाठीवर पहुडलेले पाणमांजरांचे घोळके तर काठावरूनही दिसतात. दमट हवा या गार पाण्यावरून येताना निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. आतलं खोरं तापलं की ते धुकं नदीच्या खिंडीतून आत ओढलं जातं. ज्याला घरविक्रीच्या जाहिरातीत 'सौम्य हवामान' म्हणतात, ते हेच. ज्या पाण्यात पोहता येत नाही, त्याच पाण्याने गावाचा एसी चालतो.

याची किंमत स्वयंपाकघरात मोजावी लागते. दही लागत नाही. इडलीचं पीठ सनीवेलला रात्रभरात डब्याबाहेर यायचं, इथे दुसऱ्या दिवशी दुपारीही जसंच्या तसं. ओव्हनचा दिवा लावून आत पातेलं ठेवायची युक्ती मला शेजारच्या मेक्सिकन आजींनी सांगितली. त्या त्यात पावाचं पीठ फुगवतात. वाळवणांचा तर नादच सोडा. सासूबाईंनी हौसेने घातलेल्या कुरडया तिसऱ्या दिवशी ओल्या कापडासारख्या झाल्या. कढीपत्ता कुंडीत रुसून बसलाय. कोथिंबीर आणि मेथी मात्र बारा महिने. ऊन चढत नाही म्हणून कोथिंबीर लगेच फुलोऱ्यावर येत नाही. हे सुख सनीवेलला नव्हतं.

आणि स्ट्रॉबेरी. पाहारो खोऱ्याचं नाव ज्या नदीवरून पडलं, तिला 1769 साली पोर्तोलाच्या तुकडीतल्या स्पॅनिश सैनिकांनी 'पक्ष्याची नदी' म्हटलं. मूळ रहिवाशांनी सोडलेल्या वस्तीत त्यांना पेंढा भरलेला मोठा पक्षी सापडला होता. (स्पॅनिशात जकाराचा ह होतो, तेव्हा रस्ता विचारताना 'पजारो' म्हणू नका, आम्ही वर्षभर म्हणत होतो.) शंभर वर्षांपूर्वी हे सफरचंदांचं गाव होतं. 1868 पासूनची मार्टिनेलीची सफरचंद-रसाची बाटली इथलीच. आता बागा कमी झाल्या आणि टेकड्यांवर प्लास्टिक अंथरलेले वाफे आले. ड्रिस्कॉल्सचं मुख्यालयही याच गावात आहे. शरदात रोपं लागतात आणि वसंतापासून पुढच्या शरदापर्यंत तोडणी चालते. धुक्याने फळ सावकाश पिकतं, म्हणून हंगाम लांबतो. महाबळेश्वर-वाईकडची मंडळी संमेलनाला असतील तर त्यांनी शेत आवर्जून पाहावं. तिकडे लागणारी कॅमारोसा ही मुळात कॅलिफोर्निया विद्यापीठाची जात.

तोडणी सकाळी साडेसहाला आमच्या खिडकीसमोर सुरू होते. डोक्यापासून मानेपर्यंत रुमाल गुंडाळलेली माणसं कमरेत वाकून एकचाकी गाडा पुढे ढकलत जातात. गाड्यावर खोकं, खोक्यात ते पारदर्शक डबे. दुकानात तुम्ही उचलता तोच डबा, तिथेच भरलेला. त्यामुळे घरी आणल्यावर धुवा, मधे कुणी धुतलेला नसतो. खोकं भरलं की जवळजवळ पळतच गाडीकडे, कारण बरीचशी मजुरी खोक्यावर असते. त्यांतले बरेच जण वाहाकाहून आलेले, काहींची घरची भाषा स्पॅनिशही नाही, मिश्तेको आहे. सुमारे 52 हजारांच्या या गावात पाचातले चार लोक लॅटिनो आहेत. चार स्पॅनिश शब्द शिका, इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

इकडे राहायला यायचा विचार कुणाच्या मनात घोळत असेल (दर संमेलनात दोन-तीन जोडपी मला कोपऱ्यात गाठतात), तर पाण्याबद्दल बोलू. आम्हाला घर दाखवणाऱ्या एजंटबाईंनी माळ्याच्या खिडकीतून समुद्राची रेघ दाखवली, पण सेप्टिक टँक कुठे पुरलाय ते सांगितलं नाही. ते आम्हाला पहिल्या पावसाळ्यात कळलं. पावसाळा इथे नोव्हेंबर ते मार्च. पाणी बोअरचं, म्हणजे लाइट गेली की मोटर बंद, मोटर बंद की नळ कोरडा. सासूबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. वारा सुटलेला बघून त्यांनी आपणहून दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. खोऱ्यातला उपसा इतकी वर्षं इतका झाला की किनाऱ्याजवळ खारं पाणी जमिनीखालून आत सरकलंय. म्हणून मोठ्या बोअरना मीटर आहेत आणि उपशाचे पैसे पडतात. 2009 पासून गावाचं सांडपाणी शुद्ध करून किनाऱ्याजवळच्या शेतांना दिलं जातं. घर बघाल तेव्हा खिडकीतून काय दिसतं ते नंतर, आधी बोअरचा रिपोर्ट.

भूकंपाचं तर विचारायलाच नको. 17 ऑक्टोबर 1989 च्या 6.9 च्या लोमा प्रिएटा भूकंपाचं केंद्र ॲप्टॉसजवळच्या जंगलात होतं. वॉटसनविलच्या मेन स्ट्रीटवर जुन्या आणि नव्या इमारती शेजारी शेजारी का आहेत, ते त्यावरून समजतं. मार्च 2023 मध्ये पाहारो नदीचा बांध फुटला आणि पलीकडचं पाहारो गाव पाण्याखाली गेलं. आमचं घर उंचावर आहे, पण त्या आठवड्यात समोरच्या शेतात कामाला येणारी कितीतरी माणसं दिसली नाहीत. त्यांची घरं खाली होती.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी वेळ ठेवा ती माउंट मॅडोनासाठी. रेडवुडच्या झाडीतून हेकर पासचा रस्ता चढत जातो. बाबा हरिदासांच्या प्रेरणेने 1978 साली सुरू झालेलं केंद्र तिथे आहे आणि आवारात संकटमोचन हनुमानाचं देऊळ. बाबांनी 1952 पासून मौन धरलं होतं. जे सांगायचं ते छोट्या पाटीवर लिहून. देवळाच्या पायऱ्यांवरून, धुकं खाली असेल तर, अख्खा उपसागर दिसतो. धुकं वर असेल तर समोरची समईही जेमतेम दिसते. आम्हाला दोन्ही आवडतं. रेडवुडच्या पानांवर धुकं जमून त्याचे थेंब पडत राहतात. पाऊस नसताना अंगण ओलं. पहिल्यांदा मी छत गळतंय म्हणून वर बघत बसले होते.

रविवारच्या नाश्त्याला इडली ठरली आहे. दीडशे जणांचं पीठ इथल्या हवेवर सोपवायची आमच्या समितीत कुणाची छाती झाली नाही. म्हणून सॅन होजेच्या तीन घरी ते शनिवारी फुगायला ठेवलं जाईल आणि पहाटे हायवे 17 ने इकडे येईल. वळणांवर डबे सांडले नाहीत, तर आठ वाजता पहिला घाणा.