‘निवेदन’मधील विद्यार्थी : प्रवास, लिपी आणि स्वत्व

पाली हा विषय घेतलेला नंदनवनातला एखादा विद्यार्थी ‘धम्मपद’ उघडतो तेव्हा त्याच्यापुढे येणारी अक्षरे तीच असतात, ज्यांत तो मराठीचे पाठ्यपुस्तक वाचतो. भाषा अनोळखी, अक्षर मात्र घरचे. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला काही इतिहास असेल, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पाली शिकू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ती उपलब्ध नव्हती. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. ज्या देशात ती गेली त्या देशाचे अक्षर तिने घेतले. लंकेत हे ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात तेथल्या लिपीत, सयामात राजाश्रयाने छापलेले त्रिपिटक सयामी लिपीत, तर १८८१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्या रोमन लिपीत. देवनागरीत वाचावे असे फारसे काही नव्हते. धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र (१९२४) या अभावाच्या संदर्भात वाचले म्हणजे त्यातील प्रवासाचा अर्थ काहीसा वेगळा दिसू लागतो.

‘निवेदन’चे वाचन आजवर बहुधा एका बौद्ध पंडिताचे चरित्र म्हणून झाले आहे. प्रस्तुत लेखात ते एका विद्यार्थ्याचे प्रवासकथन म्हणून विचारात घेतले आहे. ज्ञानासाठी देश सोडणाऱ्याच्या सांस्कृतिक स्वत्वाचे काय होते, हा प्रश्न मराठीत त्याआधीही उपस्थित झालेला होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा समाजाने दोघींकडे एकाच कुतूहलाने पाहिले : वेश राहिला का, आहार राहिला का, धर्म राहिला का? आनंदीबाईंनी साडी व शाकाहार सोडला नाही, म्हणून त्या गौरवास पात्र ठरल्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून त्या दोषास. स्वत्व म्हणजे गाठोड्यात बांधून नेलेली वस्तू, ती परत येताना शाबूत आहे की नाही एवढेच तपासायचे, ही त्यामागील कल्पना. (रमाबाईंनी १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठी वाचकांसाठी सिद्ध केला, ही गोष्ट या तपासणीत कोणी फारशी जमेस धरली नाही.) कोसंबींच्या बाबतीत ही कसोटी लागूच पडत नाही. ते जे आणावयास बाहेर पडले ते परक्याचे नव्हते. ते एकेकाळी येथलेच होते आणि येथून नाहीसे झाले होते. कार्ले, अजिंठा, नाशिक येथील लेणी डोळ्यांसमोर उभी, पण ती ज्यांनी कोरली त्यांचे ग्रंथ वाचावयाचे तर समुद्र ओलांडला पाहिजे, अशी ती विचित्र स्थिती होती.

या प्रवासाचा आरंभबिंदूही लक्षणीय आहे. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या, नारळीच्या बागेची व्यवस्था पाहणाऱ्या आणि शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या या तरुणाला बुद्धाचा परिचय झाला तो ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील एका लेखामुळे. हे मासिक अमेरिकन मिशनऱ्यांचे. म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी मराठी मुलांसाठी चालवलेल्या मासिकातून, पोर्तुगीज अंमलाखालील गावात, एका गौड सारस्वत ब्राह्मण तरुणाला बुद्ध भेटतो. संस्कृतींची देवघेव सरळ रस्त्याने होते असे मानणाऱ्यांनी हा एवढा तपशील ध्यानात ठेवावा. देणाऱ्याचा हेतू एक, घेणाऱ्याने घेतले ते दुसरेच.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांची भेट, ग्वाल्हेरमार्गे काशी, तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन, १९०२ साली नेपाळ, तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून झालेली निराशा, बोधगया, कलकत्ता आणि शेवटी सिंहलद्वीप, असा हा क्रम आहे. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीचा अभ्यास सुरू केला. पुढे ब्रह्मदेशात ते भिक्षू झाले. १९०६ साली कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी चीवर उतरवले.

चीवर घेणे आणि उतरवणे हे दोन्ही प्रसंग ‘निवेदन’मध्ये ज्या स्वरात येतात त्यावर थोडे थांबावयास हवे. अन्य कोणा आत्मचरित्रकाराने येथे आत्मसंघर्षाची पाने भरली असती. कोसंबींचे गद्य अनलंकृत आहे. निसर्गवर्णनात ते रमत नाहीत, नव्या देशाच्या नवलाईनेही त्यांची लेखणी चळत नाही. गुरू कोण मिळाले, कोणता ग्रंथ वाचला, खर्चाची व्यवस्था कशी झाली, प्रकृतीने साथ दिली की नाही, हे त्यांच्या कथनाचे खरे विषय. प्रवासवर्णनाची अपेक्षा ठेवून येणाऱ्या वाचकाची यामुळे निराशा होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु हाच विद्यार्थ्याचा दृष्टिकोन होय. पाहुण्याला देश दिसतो. विद्यार्थ्याला पाठशाळा दिसते, आणि देश दिसला तर तो जेवणाच्या ताटात दिसतो. लंकेत शाकाहारी मनुष्याला आहार मानवेना, ही अडचण ते लपवीत नाहीत. तिचा ते अभिमानही मिरवीत नाहीत. आहार ही त्यांच्या लेखी अभ्यासातील अडचण आहे, अस्मितेची पताका नव्हे.

मग स्वत्व कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर १९०८ च्या सुमारास त्यांनी केलेल्या एका निवडीत सापडते. कलकत्त्यात पाली शिकविण्याचे काम होते, विद्वानांचा स्नेह होता, वेतनही चांगले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले, ते अशा अटीवर की त्यांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे व वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. कोसंबींनी कलकत्ता सोडले. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०) हे पुस्तक झाले. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक तयार केले. ज्ञान मिळविले सिंहली आणि ब्रह्मी गुरूंकडून, ऋण मात्र फेडावयाचे मराठी भाषेला, ही जाणीव या निवडीमागे आहे. येथे स्वत्व हे जतन करावयाच्या वस्तूचे रूप टाकून देण्याच्या कर्तव्याचे रूप घेते.

या संदर्भात ह्युएन त्संगची आठवण होणे स्वाभाविक आहे. सातव्या शतकातील हा चिनी भिक्षू नालंदेत विद्यार्थी म्हणून राहिला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातून गेला, आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतल्यावर त्याने उरलेले आयुष्य भाषांतरात घालविले. कोसंबींचा मार्ग त्याच्या उलट दिशेचा, परंतु जात एकच. फरक इतकाच की ह्युएन त्संगच्या पाठीशी परतल्यावर सम्राट उभा होता. कोसंबींच्या पाठीशी ५० रुपये.

हार्वर्डच्या प्रकरणात मात्र देवघेवीचे दुसरे रूप पाहावयास मिळते. त्या विद्यापीठातील जेम्स वुड्स यांचा त्यांच्याशी भारतातच परिचय झाला होता. १९१० मध्ये हेन्री क्लार्क वॉरन यांनी अपुऱ्या ठेवलेल्या ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेस बोलावण्यात आले. वॉरन १८९९ मध्येच निवर्तले होते. प्रा. लॅनमन यांच्याशी कोसंबींचे या कामाच्या श्रेयावरून मतभेद झाले. लंकेत आणि ब्रह्मदेशात ते शिष्य होते, पण तेथे देणाऱ्या-घेणाऱ्यांत मान होता; केंब्रिजमध्ये ते जाणकार म्हणून गेले आणि मदतनीस म्हणून मोजले गेले. पुढेही ते अनेकदा हार्वर्डला गेले, काम पुरे केले, तरी ती आवृत्ती निघाली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. दरम्यान १९४० साली भारतीय विद्या भवनाने मुंबईत ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली होती. या दोन सालांमध्ये कोसंबींनी दिलेले उत्तर आहे. त्यावर भाष्य करण्याची गरज त्यांना वाटली नसावी.

या विद्यार्थिदशेची किंमत कोणी दिली, हा प्रश्न टाळून ‘निवेदन’चे मूल्यमापन करता येणार नाही. घर सोडले तेव्हा त्यांची मुलगी माणिक तान्ही होती. पत्नी बाळाबाई मागे राहिल्या. पाठशाळा, गुरू, स्नेही, आश्रयदाते यांची नावे ज्या काटेकोरपणे ‘निवेदन’मध्ये नोंदली जातात त्या मानाने या गृहिणीला मिळालेली जागा फारच थोडी आहे. सुमारे सात वर्षे पती परदेशी असलेल्या स्त्रीचा काळ कसा गेला, हे वाचकाला कळत नाही. गृहत्यागाला बुद्धचरित्रातच आदर्श सापडत असल्यामुळे लेखकाला त्याची फारशी कैफियत द्यावी लागत नाही, ही या आत्मचरित्राची सोयही आहे आणि त्याची मर्यादाही. आनंदीबाईंची पत्रे उरली, बाळाबाईंचे काहीच उरले नाही. संस्कृतिसंपर्काच्या अभ्यासात जो गेला त्याचेच कागद हाती लागतात; जी थांबली तिचे नाहीत. तथापि पुढच्या पिढीत हे चित्र पालटले, हेही नोंदविले पाहिजे. १९१८ मध्ये कोसंबी पुन्हा अमेरिकेस गेले ते मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना घेऊन. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली. दामोदरने हार्वर्डची पदवी घेतली आणि पुढे तो गणितज्ञ व इतिहासकार म्हणून मान्यता पावला.

विदर्भाशी कोसंबींचा संबंध उत्तरायुष्यातला. त्यांच्या परिपक्व विचारांचा ‘भगवान बुद्ध’ (१९४०–४१) हा ग्रंथ नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे स्वेच्छेने अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, सेवाग्रामपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. त्या घटनेची प्रेरणा आणि शक्ती सर्वस्वी निराळी होती. तिचे श्रेय कोसंबींच्या पदरात घालणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. कोसंबींसाठी बौद्ध धम्म हा शोधून आणलेला वारसा होता, दीक्षाभूमीवर जमलेल्यांसाठी तो माणूसपणाचा हक्क होता. परंतु त्या दिवसानंतर पालीकडे वळलेल्या मराठी विद्यार्थ्याला आपल्या भाषेत आणि आपल्या अक्षरांत काही पुस्तके आधीच तयार सापडली.

देवनागरी त्रिपिटकाचे काम पुढे नालंदा येथे भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाने आणि नंतर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाकडून झाले. इगतपुरीची परंपराही ब्रह्मदेशातूनच आलेली. २०११ साली दामोदर कोसंबींच्या कन्या, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी ‘निवेदन’ इंग्रजीत नेले. आजोबांनी अनेक लिप्यांतून जे मराठीत आणले होते त्याची हकीकत नातीने रोमन लिपीतून पुन्हा बाहेर पाठविली. नंदनवनातल्या त्या विद्यार्थ्याच्या हाती आज दोन्ही पुस्तके पडू शकतात. त्याने आधी मराठी उघडावे.