आधी कोण थांबणार ते ठरव

अगं, तुझा रत्नागिरीचा नकाशा पाहिला मी. हातखंब्याचा तिठा, खेडशीची वळणं, कुवारबावची दुकानं, मारुती मंदिरचं सर्कल, सगळं एका नजरेत ओळखू आलं. गाड्या अडकतायत म्हणून सर्कल पुसून पुन्हा करायला निघालीस म्हणे. ते काही करू नकोस. रस्ते छान झालेत, कमी आहे ती नियमांची. 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' या खेळाच्या एडिटरमध्ये रस्ता टाकणं त्यामानाने सोपं. त्या रस्त्यावरच्या, कॉम्प्युटर चालवतो त्या गाड्यांना शहाणपण देणं हे खरं काम, आणि ते एकेका नाक्यावर शांतपणे बसून करावं लागतं.

जयस्तंभावर संध्याकाळी थोडा वेळ उभी राहून बघ. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून 'जा' म्हणतो. रिक्षावाला समोरच्याच्या डोळ्यांत बघतो आणि पुढचं चाक घालतो. स्कूटीवरची मुलगी हॉर्न ऐकून वेग कमी करते. नियम जिथे अपुरा पडतो तिथे माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. तुझ्या नकाशातल्या गाडीला डोळे नाहीत, भीड नाही की अंदाज नाही. तिला कळतं ते एवढंच: आपण कुठल्या रेषेवरून जायचं, किती वेगाने जायचं आणि कुठल्या रेषेवरच्या गाडीला आधी सोडायचं. यातली तिसरी गोष्ट तू सांगितली नाहीस, की दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात आणि त्यांच्यामागे रांग थेट साळवी स्टॉपपर्यंत जाते. तुझं नेमकं हेच झालंय.

म्हणून गाड्यांची संख्या, सिग्नलचे खांब, पाट्या हे सगळं थोडं बाजूला ठेव. प्रत्येक नाक्यावर आधी कोण थांबणार ते ठरव. कागदावर नाका काढ, येणाऱ्या-जाणाऱ्या वाटांचे बाण काढ, आणि जिथे दोन बाण एकमेकांना छेदतात तिथे थांबणाऱ्या बाणावर फुली मार. ज्या छेदावर फुली नसेल, तिथे गाड्या अडकणार हे धरून चाल.

फुल्या कुठे मारायच्या हे मनाने ठरवू नकोस, कायद्याला विचार. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांप्रमाणे सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या गाडीचा हक्क पहिला, बाहेरून शिरणारी थांबते. मारुती मंदिरला सगळ्या शिरणाऱ्या वाटांवर फुली, आतल्या गोल वाटेवर एकही नाही. तिठ्यावर जो मुख्य रस्ता त्याचा मान पहिला, म्हणजे हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्गावरची गाडी सरळ जाणार आणि रत्नागिरीकडून येणारी थांबून बघणार. आणि जिथे मुख्य-दुय्यम असं काही ठरलेलं नाही, तिथे आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची.

आता हे एडिटरमध्ये उतरवायचं कसं? तू नाक्यासाठी जो तयार तुकडा, म्हणजे प्रीफॅब, टाकतेस, त्याच्या पोटात गाड्यांच्या वाटेच्या रेषा आधीच आखलेल्या असतात. त्या बदलायच्या तर एडिटरमधून बदलत नाहीत, प्रीफॅब ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये उघडावा लागतो. तिथे प्रत्येक रेषेला प्रायॉरिटी देता येते, ब्लिंकर कुठला लागावा ते सांगता येतं, आणि लहान गाड्या, मोठ्या गाड्या की सगळ्या, तेही ठरवता येतं. राम आळीत शिरणारी रेषा फक्त लहान गाड्यांची ठेव. थिबा पॅलेसकडे वळणाऱ्या रेषेला 'लो प्रॉबॅबिलिटी' दे, म्हणजे तिकडे एखाददुसरीच गाडी वळेल. मोठ्या प्रीफॅबवर हात टाकण्याआधी एखाद्या साध्या तिठ्यावर हे सगळं करून बघ.

आणखी एक. तू काही तुकडे जर्मनीतले घेतलेस आणि ते आरशात उलटे केल्यासारखे वापरायला बघतेयस. त्यात वेळ घालवू नकोस. खेळाच्या मूळ नकाशात 2012 पासून ब्रिटन आहे, आणि तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. ब्रिटनचे रस्ते आणि प्रीफॅब घे, पाट्या तेवढ्या आपल्या लाव. सर्कल आपोआप घड्याळाच्या दिशेने फिरेल.

वेगाचं सांगते. एप्रिल 2018 मध्ये केंद्राने ज्या कमाल मर्यादा जाहीर केल्या, त्यांत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला 100, प्रवासी बसला 90 आणि मालवाहू गाडीला 80 किलोमीटर धरलेत. इतर साध्या रस्त्यांवर कारला 70, बस आणि ट्रकला 60, रिक्षाला 50. खेळात वेगमर्यादा देशाच्या फाइलीत असतात, वाहनाच्या प्रकाराप्रमाणे आणि रस्त्याच्या वर्गाप्रमाणे, वस्तीतली वेगळी आणि बाहेरची वेगळी. त्यामुळे हे आकडे तिथे सरळ बसतात. वस्तीतला आकडा मात्र तू खाली आण. जाहीर झालेली ती कमाल मर्यादा, त्याहून कमी ठरवायची मुभा मोटार वाहन कायद्याच्या 112 व्या कलमात आहे. माळनाक्यावर कोणी 60 ने ट्रक हाकलेला तुला तरी आवडेल का?

पण गावोगावी वेगाच्या पाट्या ठोकत सुटू नकोस. तू खेळाचंच 1:19 प्रमाण धरलंयस. हातखंब्यापासून शहर साधारण 12-13 किलोमीटर, ते तुझ्या नकाशात साडेसहाशे मीटरच्या आसपास येतं. 60 च्या वेगाने ते चाळीस सेकंदांत संपतं. तेवढ्यात खेडशीला एक मर्यादा, कुवारबावला दुसरी, साळवी स्टॉपला तिसरी दिलीस तर गाड्या सारखा वेग घेतील आणि ब्रेक मारतील, मागच्या त्यांना येऊन चिकटतील. शहराबाहेर एक आणि शहरात एक, बस्स.

ट्रकचा विचार जरा जास्त कर, कारण आपल्या जिल्ह्याचा रस्ता ट्रकवाल्यांचा आहे. निवळी फाट्यावरून जयगड बंदराकडे जाणारी जड वाहनं, मिरकरवाड्यातून निघणाऱ्या मासळीच्या गाड्या, एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो. ठरावीक भागाला नियम लावायचा असेल तर एडिटरमध्ये त्या भागाभोवती बिंदू टाकून सीमा आखायची आणि सीमेला नियम जोडायचा. गणेशोत्सवात चाकरमानी यायला लागले की मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी घालतात ना, तशी गणपतीची खास आवृत्ती तुला करता येईल. फक्त बंदीच्या अलीकडे ट्रकला वळायला रस्ता ठेव. पुढे जायचं नाही आणि मागेही फिरायचं नाही, असं कुठल्याच गाडीचं करू नये.

पुढे आंबा घाट करणार आहेस, तर हा नियम आत्ताच मनात ठेव: अरुंद चढावर वर चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणं किती जड जातं ते ड्रायव्हरला विचारावं. जुलै 2021 च्या पावसात त्या घाटात दरडी आल्या, रस्ता खचला आणि वाहतूक बंद ठेवावी लागली होती. रस्ता खचून एकच पदर उरलेली जागा तू दाखवलीस, तर उतरणाऱ्या रेषेची प्रायॉरिटी कमी कर.

सगळं झालं की लगेच ट्रक घेऊन पळू नकोस. कन्सोलमध्ये g_traffic, म्हणजे गाड्यांची वर्दळ, वाढव, मोकळा कॅमेरा मारुती मंदिरवर नेऊन ठेव आणि नुसती बघत बस. कुठली गाडी उगाच थांबते, कुठली घुसते, रांग कुठून सुरू होते ते वहीत लिही. एका वेळी एकच रेषा बदल आणि पुन्हा बघ. चार गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने सुटलं ते तुझं तुलाच कळणार नाही.

तुझे मित्र म्हणतात, आपल्याकडे कोण नियम पाळतं, घुसू दे गाड्यांना, खरं वाटेल. त्यांचं ऐकू नकोस, गं. हा नकाशा अशी मुलं चालवतील ज्यांच्या हातात अजून लायसन्स आलेलं नाही. सर्कलमधल्या गाडीला सोडून मग शिरायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची, ही सवय त्यांच्या पायाला तुझ्या नकाशात लागू शकते. उद्या तीच मुलं खऱ्या हातखंब्याला उतरणार आहेत. तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तुझ्या गाड्यांनी नीट थांबावं असं मला वाटतं ते म्हणून.

तेव्हा आज रात्री एवढंच कर. बाकी नकाशा बंद ठेव, फक्त हातखंब्याचा तिठा घे, बाण काढ, फुल्या मार आणि तो कागद मला पाठव. तो पक्का झाला की मग मारुती मंदिरला हात लावू.