परदेशी किडींचा हिवाळा

कडाक्याची थंडी पडली कीं किडीचा नायनाट होतो, असा समज शेतकरीवर्गांत फार जुना आहे. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु त्यावर विसंबून राहणें किती धोक्याचें असतें, हें बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या हकीकतीवरून चांगलें कळतें.

पिवळट रंगाचा व पाठीवर दहा काळे पट्टे असलेला हा भुंगेरा मूळचा उत्तर अमेरिकेंतला. तेथें तो रिंगणीच्या कुळांतील एका कांटेरी रानटी झुडपावर राहत असे. इ. स. १८५९ च्या सुमारास नेब्रास्का भागांत तो लागवडीच्या बटाट्यावर उतरला व १८७४ पर्यंत अटलांटिक किनाऱ्यास भिडला. १९२२ सालीं फ्रान्सांत बोर्दो शहराजवळ त्याचें ठाणें बसलें आणि तेथून जर्मनी व रशिया ओलांडून तो मध्य आशियापर्यंत गेला.

रशियाचा हिवाळा त्यानें कसा काढला? आश्चर्य हें कीं, एकदां शरीर गोठलें म्हणजे हा भुंगेरा वांचत नाहीं. तो थंडी सोसत नाहीं, थंडी चुकवितो. ऋतु पालटल्याची खूण त्यास हवेच्या गारव्यापेक्षां दिवसाच्या लांबीवरून अधिक पटते. दिवस लहान होऊं लागतांच मादी अंडीं घालणें थांबविते. नर-माद्या भरपूर खाऊन अंगांत चरबी सांठवितात, आणि बरेचसे भुंगेरे शेताच्या कडेच्या झाडोऱ्याकडे जाऊन वीतभर किंवा त्याहून खोल जमिनींत शिरतात. तेथें त्यांचा श्वास मंदावतो व उडण्याचे स्नायूहि झिजतात. यासच सुप्तावस्था म्हणतात. वर बर्फाचा थर जाड असेल तर तो गोधडीसारखाच उपयोगी पडतो. उघड्या जमिनीवर कडक थंडी पडली तर मात्र पुष्कळ भुंगेरे मरतात. म्हणजे हवेची थंडी किती, यापेक्षां मातींतील थंडी किती, हें पाहिलें पाहिजे.

नव्या मुलखांत एक अडचण होती. उत्तरेकडे थंडी लवकर येते, आणि त्या वेळीं तेथें दिवस अद्याप मोठाच असतो. दक्षिणेकडील हिशेबानें चालणारा किडा झोपण्यापूर्वींच गारठ्यांत सांपडावयाचा. परंतु सर्वच किड्यांचा हिशेब सारखा नसतो. जे थोडे आधीं झोपले ते वांचले, व पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच वंश वाढला. शिवाय कांहीं भुंगेरे दोन-दोन हिवाळे जमिनींतच पडून राहतात. त्यामुळें एका वर्षाच्या फेरपालटीनें शेत पूर्ण स्वच्छ होत नाहीं.

दुसऱ्या किडींची युक्ति निराळी. पूर्व आशियांतून गेलेला एक हिरवा भुंगेरा २००२ सालीं अमेरिकेंत डेट्रॉइट शहराजवळ आढळला. तो ॲश झाडें वाळवितो. त्याची अळी सालीखालीं राहून अंगांत ग्लिसरीन सांठविते व त्यामुळें शून्याखालीं सुमारें तीस अंश सेंटिग्रेडपर्यंत तिच्या अंगांतील रस गोठत नाहीं.

बटाट्याच्या भुंगेऱ्याचें वर्म त्याच्या झोपेंतच आहे. वसंतांत वर आल्यावर स्नायू पुन्हां भरेपर्यंत त्यास बहुधा चालतच जावें लागतें. म्हणून तेथील शेतकरी बटाटा गतवर्षीच्या शेतापासून दूर लावतात व मध्यें चर खणून त्यांत गुळगुळीत प्लास्टिक अंथरतात. त्यांत पडलेला किडा सहसा वर चढूं शकत नाहीं. मात्र चर वेळेवर खणला पाहिजे. किडा उडूं लागल्यावर तो खणणें म्हणजे नुसती मजुरी वायां घालविणें होय.

हा भुंगेरा आपल्या देशांत नाहीं. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी मात्र २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत दिसली. या किडीस सुप्तावस्था मुळींच नाहीं. उत्तर अमेरिकेंत ती हिवाळ्यांत फ्लोरिडा व टेक्सासच्या दक्षिण भागांतच तग धरते, आणि दरवर्षीं तिचे पतंग तेथून पुन्हां उत्तरेकडे उडत जातात. आपल्याकडे तिला मारण्याजोगी थंडी पडत नाहीं. खरीप, रब्बी व उन्हाळी असा मका एकाच शिवारांत लागोपाठ उभा राहिला, तर तिच्या खाण्यांत खंड पडत नाहीं. हा खंड आपणच पाडला पाहिजे. शक्य तेथें शेजाऱ्यांनीं मिळून पेरणी एकदमच उरकावी, मक्यावर मका घेऊं नये, आणि कापणी होतांच खोल नांगरट करावी, म्हणजे जमिनींतील कोष उघडे पडून ते उन्हानें मरतात किंवा पांखरें वेंचून खातात.