भट्टीतली काच

बांगडी कोणी पाहिली नाही? लग्नात हिरवा चुडा भरतात तो काचेचा. कासाराच्या दुकानात बसले की बांगड्यांचा किणकिणाट ऐकू येतो. पण ही काच कशी होते, भट्टीत ती कशी वागते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. या धड्यात आपण तेच पाहू.

काच आपल्या मुलखाला नवी नाही. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे गाव आहे. ज्ञानेश्वर माउलींचे नेवासे ते हेच. तेथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. डॉ. हसमुख सांकलिया त्या कामाचे प्रमुख होते. टेकाडाच्या मातीत काचेचे मणी आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. तेव्हा आपल्या आजीच्या आजीच्याही आधी या भागातल्या बाया काचेची बांगडी भरत होत्या, एवढे नक्की.

पुढे विलायती काच आली आणि घराघरात शिरली. तेव्हा आपल्या लोकांना वाटले, ही काच आपणच का करू नये? अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खेडोपाडी गेला. आम्ही स्वतः त्याच कंदिलाच्या उजेडात मॅट्रिकचा अभ्यास केला. तो कारखाना आता बंद आहे. कंदील मात्र अजून आमच्या माळ्यावर आहे.

आता काच म्हणजे काय ते पाहू. काचेत मुख्य भाग वाळूचा. साधी नदीची वाळू नव्हे, स्वच्छ पांढरी वाळू. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. पाणी १०० अंशांवर उकळते, त्यावरून अंदाज करा. म्हणून वाळूत सोडा घालतात. सोड्यामुळे वाळू लवकर वितळते. पण नुसता सोडा घातला तर ती काच पाण्यात विरघळू लागते. म्हणून चुनखडी घालतात. चुनखडीने काच टिकाऊ होते. वाळूत लोह असले तर काच हिरवट दिसते. कोबाल्ट घातले तर गर्द निळी होते. तांब्याने निळी-हिरवी होते, आणि वेगळ्या तऱ्हेने भाजली तर तांब्यानेच लालही होते.

वाळूपासून काच करणे हे कारखान्याचे काम. त्याला १४००-१५०० अंशांची भट्टी लागते. ते आपल्या आवाक्यातले नाही. पण तयार काचेचे तुकडे लहान भट्टीत भाजून एकमेकांना चिकटवणे, त्यांची ताटली किंवा वाटी करणे, पदके आणि मणी करणे, हे घरगुती काम होऊ शकते. त्याला ८०० अंशांच्या थोडे वर गेले की पुरते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावातल्या बचत गटाने असे काम काढले. गटात नऊ बाया. त्यांनी कर्ज काढून विजेची एक लहान भट्टी घेतली आणि "गुरुजी, तुम्ही शाळेत शास्त्र शिकवत होता, तेव्हा तुम्हीच बघा," म्हणून आम्हाला बोलावले. आम्हीही मोठ्या ऐटीत गेलो. तिथे आमच्या हातून काय झाले ते पुढे सांगू. आधी सामान पाहू.

पहिले हत्यार काच कापण्याचे. पूर्वी हिरकणीने काच कापत. आता पोलादाचे बारीक चाक असलेली दांडी मिळते. तिचे चाक रॉकेलात किंवा हलक्या तेलात बुडवावे. काचेवर पट्टी ठेवून एकाच दमात रेघ ओढावी. रेघ ओढताना बारीक करकर आवाज आला पाहिजे. एकाच रेघेवरून दोनदा चाक फिरवू नये. चाक बोथट होते आणि काच वेडीवाकडी तुटते. रेघ ओढली की ती दोन्ही अंगठ्यांच्या मधोमध धरून हलकेच मोडावी. आमचे मत असे की, भट्टी घेण्याआधी दोन महिने नुसते कापणे शिकावे. चाकाला थोडे पैसे पडतात, भट्टीला फार.

काच कोणती घ्यावी? गावातल्या काचवाल्याकडे खिडकीच्या काचेचे उरलेले तुकडे पडून असतात. ते चांगले. मोटारीच्या बाजूची काच घेऊ नये. ती कडक केलेली असते. कापायला गेले की तिची खडीसाखर होते. आरसा घ्यायचा तर मागचा रंग आणि मुलामा पूर्ण काढावा लागतो, म्हणून तो नकोच. जुन्या ट्यूबलाइटला हात लावू नये. तिच्यात पारा असतो, आणि पारा विषारी आहे. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, तीही नको.

बाटल्या चालतात. त्यांची चिठ्ठी भिजवून काढावी, आतून-बाहेरून स्वच्छ धुवावी, पुसून वाळवावी. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी भाजल्यावर तो डाग दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दोन जातींची काच एकत्र भाजू नये. तापली की काच फुगते, निवली की आकसते. प्रत्येक काच सारखी आकसत नाही. एक जास्त आकसली आणि दुसरी कमी, तर दोघींची ओढाताण होते. मग ताटली तडकते. आणि ती लगेच तडकते असेही नाही. बायांनी खिडकीच्या काचेवर निळ्या बाटलीचे तुकडे मांडून सहा ताटल्या केल्या. दिसायला फार सुंदर. नगरच्या एका गिऱ्हाइकाने त्या सगळ्या नेल्या. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. कपाटात ठेवल्या ठेवल्या दोन ताटल्या उभ्या चिरल्या होत्या. पैसे परत करावे लागले. आम्ही त्या कामाच्या वेळी तिथेच बसलो होतो आणि निळा रंग किती छान उठतो म्हणून कौतुक करत होतो.

याला उपाय सोपा आहे. दोन्ही काचांच्या बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशा पट्ट्या कापाव्या. एकीवर दुसरी ठेवून भाजाव्या. निवल्यावर जोडपट्टी सरळ राहिली तर काचा जुळतात असे समजावे. ती धनुष्यासारखी वाकली तर जुळत नाहीत. सरळ राहिलेली पट्टीही आठ दिवस ठेवून पाहावी. मोठे काम त्यानंतर करावे.

भट्टीच्या आत एक फरशी असते. तिच्यावर तशीच काच ठेवली तर काच तिला चिकटून बसते, फरशीही जाते आणि काचही. म्हणून फरशीला लेप देतात. तो चिनी माती आणि अॅल्युमिना यांच्या भुकटीचा असतो. पाण्यात ताकासारखा पातळ करून मऊ ब्रशाने चार-पाच हात द्यावे. एकदा आडवा, एकदा उभा. मग पूर्ण वाळू द्यावे. ओल राहिली तर वाफ होऊन काचेत बुडबुडे येतात.

वाटी करायची तर आधी सपाट ताटली भाजून घ्यावी. मग ती साच्यावर ठेवून दुसऱ्यांदा, ७०० अंशांच्या आसपास तापवावी. काच मऊ होऊन साच्यात बसते. साचा गावचा कुंभार करून देऊ शकतो. माती भाजलेली असावी, तिला चकाकी देऊ नये, आणि तळाला एक बारीक भोक ठेवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. साच्यालाही तोच लेप द्यावा.

कोणी म्हणेल, कुंभाराच्या आव्यातच काच भाजली तर? आम्हीही तसे म्हणून पाहिले होते. आव्यात उष्णता पुष्कळ होते, पण एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी. राख आणि धूर काचेवर बसतो. आणि आवा आपल्या मर्जीने निवतो, आपल्या नव्हे. काचेला नेमके तेच चालत नाही.

ते का, हे कंदिलाच्या काचेवरून कळते. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की ती फुटते. थेंब पडला तो भाग एकदम आकसतो, बाकीचा तापलेलाच असतो. भट्टीतल्या जाड काचेचे तसेच आहे. बाहेरचा भाग आधी निवतो, आतला मागाहून. घाई केली तर आतल्या आत ताण राहतो. म्हणून साधारण ५५० अंशांवर काच तासभर थांबवून ठेवतात आणि तिथून हळूहळू खाली आणतात. शास्त्रात याला अनुशीतन म्हणतात. आपण काच मुरवणे म्हणू. लोणचे मुरवतात तसे.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या मोठ्या भाजणीत बारा ताटल्या होत्या. भट्टी बंद करून रात्र गेली होती, पण ती उशिरा बंद केलेली. सकाळी तालुक्याहून पाहुणे आले. काटा २०० अंशांवर होता. एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, अजून झाकण लई गरम हाय." आम्ही म्हटले, "अहो, ८०० वरून २०० वर आली, आता काय होतंय?" आणि झाकण उघडले. डिसेंबरची थंडी होती. टण, टण, टण असा आवाज झाला. बारापैकी नऊ ताटल्या गेल्या. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता बायांनी आपापल्या मजुरीतून भरला. आम्ही आमच्या पेन्शनमधून अर्धा देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. पाहुणे चहा पिऊन गेले.

झाकण हाताला कोमट लागेपर्यंत उघडायचे नाही, हा नियम त्या दिवशी भिंतीवर खडूने लिहिला गेला. मध्येच वीज गेली तरी झाकण उघडायचे नाही. बंद भट्टी आपली ऊब धरून ठेवते.

काही सावधगिरी सांगतो. काच कापताना आणि घासताना डोळ्याला चष्मा हवा. काच घासायची ती पाण्याखाली. कोरडी भुकटी छातीत जाते आणि तिथेच राहते. खोली कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. भट्टीजवळ नायलॉनचे लुगडे नको, सुती असावे, आणि पदर खोचलेला असावा. ज्या ताटलीवर रंग भाजला आहे, त्यात जेवण वाढायचे तर तो रंग शिसे नसलेला आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे.

विजेचा हिशेबही करावा. भट्टी तीन किलोवॉटची असेल तर पूर्ण एक तास चालली की तीन युनिट जळतात. दहा तासांच्या भाजणीत तारा साधारण निम्मा वेळ तापलेल्या असतात असे धरले तर पंधरा युनिट होतात. ते ताटल्यांवर वाटून मगच किंमत सांगावी. बाया सुरुवातीला फक्त काचेचे पैसे धरत होत्या, आणि काच तर जवळजवळ फुकटच मिळालेली.

गटातल्या एका ताईंनी आमच्याच साक्षरता वर्गात अक्षर गिरवले होते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आता भट्टीची वही त्याच लिहितात. ३ मिलिमीटरच्या दोन काचा एकावर एक ठेवून केलेल्या ताटल्यांच्या भाजणीचे हे पान त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे देतो. भट्टीगणिक आकडे थोडे बदलतात, म्हणून आपली वही आपण लिहावी.

सकाळी ८ वाजता चालू केली. ३० अंश.
९ वाजता १८०.
१० वाजता ३३०.
११ वाजता ४८०.
साडेअकराला ५५५. वीस मिनिटं थांबवली.
पाऊण वाजता ८१५. काच लाल दिसली. पंधरा मिनिटं थांबवली.
सव्वादोनला ५५०. एक तास मुरवली.
सव्वातीनपासून तासाला ६० अंश खाली.
सव्वासहाला ३७०. बटन बंद.
रात्री ९ ला सासूबाई म्हणल्या उघड. उघडली नाही.
सकाळी ८ ला झाकण कोमट. उघडली. आठ ठेवल्या, आठ निघाल्या. एकीत बुडबुडा.