वैमानिकाचे मन आणि परवान्याचा नियम

वैमानिकाचा परवाना हा एकदा मिळवून जन्मभर कपाटात ठेवण्याचा कागद नव्हे. त्याला वैद्यकीय प्रमाणपत्राची जोड लागते आणि ते ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. डोळे, कान, रक्तदाब, हृदय यांची तपासणी उपकरणांनी होते. मनाची तपासणी मात्र मुख्यतः प्रश्न विचारूनच करावी लागते, आणि उत्तर देणारा असतो स्वतः वैमानिक. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली अडचण येथूनच सुरू होते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथील फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याच्या अर्जात वैमानिकाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : आपण कोणती औषधे घेतो, मानसिक विकार कधी झाला होता काय, आणि गेल्या ३ वर्षांत कोणकोणत्या डॉक्टरांकडे गेलो होतो. खोटे लिहिणे हा गुन्हा आहे; त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण २०१० पर्यंत खरे लिहिण्याची किंमतही काही कमी नव्हती. नैराश्यावरचे औषध चालू आहे असे लिहिले की प्रमाणपत्र नाकारले जाई. अशा माणसापुढे मग तीन वाटा उरत. औषध घ्यावे आणि घरी बसावे. औषध न घेता, दुखणे तसेच अंगावर काढून उडत राहावे. किंवा औषध घ्यावे, उडत राहावे आणि अर्जात खोटे लिहावे. पहिल्या वाटेने जाणारा प्रामाणिक माणूस पगाराला मुकणार. उरलेल्या दोन्ही वाटांनी जाणारा विमानातच असणार, आणि खात्याला त्याचा पत्ताही नसणार!

नियम करणारी माणसे अविचारी होती असे मात्र नव्हे. नैराश्य म्हणजे नुसते उदास वाटणे नव्हे. त्यात झोप बिघडते, लक्ष टिकत नाही, निर्णयाला वेळ लागतो आणि कधीकधी जगणेच नकोसे होते. शिवाय जुन्या पिढीतील औषधांनी गुंगी येई, दृष्टी अंधुक होई, उभे राहताच रक्तदाब उतरे. अशी औषधे घेतलेल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये, हे कोणीही मान्य करील. पण १९८७ च्या अखेरीस फ्लुऑक्सेटीनला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि त्या जातीच्या नव्या औषधांनी हा त्रास बराच कमी केला. औषधे बदलली, नियम मात्र आणखी वीस-बावीस वर्षे जागचा हलला नाही.

तो एप्रिल २०१० मध्ये बदलला. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, सिटॅलोप्रॅम आणि एस्सिटॅलोप्रॅम या चार औषधांपैकी एक घेणाऱ्या वैमानिकाला, वर्षभर प्रकृती स्थिर राहिल्याचे दाखवल्यास, खास प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. मनोविकारतज्ज्ञाचा अहवाल हवा, स्मरणशक्ती व अवधान यांच्या चाचण्या हव्यात, अशा अटी होत्याच. पण माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. आजवर ज्यांनी औषध लपवले त्यांनी सहा महिन्यांच्या आत पुढे येऊन सांगावे, लपवल्याबद्दल खाते त्यांच्यावर कारवाई करणार नाही, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. आपल्याच नियमाने माणसे खोटे बोलू लागली होती, याची ही एक प्रकारे कबुलीच नव्हे काय? पुढे प्रतीक्षेचा काळ कमी झाला आणि औषधांच्या यादीतही भर पडली. ऑस्ट्रेलियाने तर अशी परवानगी पूर्वीच दिली होती. १९९३ ते २००४ या काळातील तेथील नोंदींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या वैमानिकांच्या अपघातांच्या प्रमाणात लक्षणीय फरक त्यात आढळला नाही.

नियम सैल झाला म्हणून भीती गेली असे मात्र झाले नाही. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्ज कंपनीचे विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतात कोसळले. विमानातील दीडशेच्या दीडशे माणसे मरण पावली. मुख्य वैमानिक बाहेर गेला असता सहवैमानिकाने दार आतून बंद केले आणि विमान जाणूनबुजून खाली नेले. ११ सप्टेंबर २००१ नंतर अपहरणकर्ते आत शिरू नयेत म्हणून जी दारे भक्कम केली गेली, त्याच दाराबाहेर मुख्य वैमानिक धडका देत राहिला. एका संकटावरचा बंदोबस्त दुसऱ्या संकटाच्या कामी आला.

फ्रेंच तपास संस्थेचा अहवाल मार्च २०१६ मध्ये आला. तो वाचताना मन सुन्न होते. या तरुणाला २००८ मध्ये नैराश्याने गाठले होते आणि त्याचे प्रशिक्षण काही महिने थांबले होते. २००९ मध्ये प्रमाणपत्र मिळाले ते एका शेरानिशी : आजार उलटला तर ते बाद होईल. डिसेंबर २०१४ पासून आजार पुन्हा दिसू लागला. तो अनेक डॉक्टरांकडे गेला. एकाने रुग्णालयात उपचार घेण्यास सुचवले, काहींनी रजेचे दाखलेही दिले. यांतले काहीच कंपनीपर्यंत पोहोचले नाही. त्याने स्वतः सांगितले नाही आणि डॉक्टर गोपनीयतेच्या कायद्याने बांधलेले होते. प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते, आणि परवाना गेल्यास विम्यातून मिळणारी भरपाई तुटपुंजी होती. त्याच्या कृत्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण 'सांगितले तर सारे गेले' ही भीती केवळ त्याची एकट्याची नव्हती. हार्वर्डच्या संशोधकांनी नाव न विचारता केलेली वैमानिकांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात नैराश्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या १,८४८ जणांपैकी १२.६ टक्के नैराश्याच्या मर्यादेत बसले. नाव विचारले असते तर हा आकडा किती आला असता, ते वाचकांनीच ठरवावे.

या अनुभवातून युरोपने २०१८ मध्ये नवा नियम केला. तो फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. नोकरीवर घेण्यापूर्वी मानसिक तपासणी त्याने आवश्यक केली. दुसरे म्हणजे प्रत्येक विमान कंपनीने वैमानिकांसाठी सहकाऱ्यांच्या मदतीची व्यवस्था ठेवावी असे सांगितले. म्हणजे अडचणीतल्या वैमानिकाने प्रथम बोलायचे ते साहेबाशी किंवा तपासणाऱ्या डॉक्टरशी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाशी. बोलणे गुप्त राहते. मात्र उड्डाणाला उघड धोका दिसला तर ते पुढे कळवावे लागते. ही रेषा नेमकी कोठे ओढायची, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्याबाबत सूचना काढल्या आणि सहकाऱ्यांच्या मदतीची ही कल्पना त्यात घेतली. ऐकणारा वैमानिक आपल्याच कंपनीच्या पगारावर असतो. तेव्हा त्याच्यापाशी मन मोकळे करायला कितीजण धजावतात, यावरच या योजनेचे यश अवलंबून राहील.