भावार्थ कोणाचा पुत्र? : एकनाथांच्या रूपकाविषयी एक टिपण

'भावार्थरामायणा'च्या आरंभी एकनाथांनी योजिलेल्या रूपकाचा उल्लेख बहुधा होतो. त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. दशरथ म्हणजे दशेंद्रिये, कौसल्या सद्विद्या, कैकेयी अविद्या, मंथरा कुविद्या, श्रीराम आनंदस्वरूप आत्मा, लक्ष्मण आत्मप्रबोध, भरत भावार्थ, शत्रुघ्न निजनिर्धार, अशी ही मांडणी आहे. कल्याण-डोंबिवलीच्या पदव्युत्तर वर्गांत शिकवताना दिसते की, विद्यार्थी दोन रकाने आखून एवढेच लिहितात आणि मोकळे होतात. दोष त्यांचा नव्हे. आपण प्राध्यापकच हे रूपक कोष्टकासारखे शिकवीत आलो आहोत.

वस्तुतः या रूपकात नातीही आहेत, आणि कोष्टकात नेमकी तीच गळतात. भरत हा कैकेयीचा पुत्र. म्हणजे ग्रंथाच्या शीर्षकातच मिरवणारा भावार्थ अविद्येच्या पोटी जन्मास येतो! वेदान्ताच्या परिभाषेत कल्पना हा बंध. पण कथा ऐकणारे मन कल्पनेवाचून अयोध्या उभी तरी कशी करणार? जिने बांधले, तिच्याच उदरी सोडविणारा यावा, हे या दृष्टीने विसंगत वाटत नाही. एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले होते, "अविद्येने वर मागितलाच नसता, तर रामायण घडले असते का?" त्या तासाला नेमलेला भाग अर्थातच पुरा झाला नाही.

पुढे हाच भरत आईने मिळविलेले राज्य नाकारतो आणि सिंहासनावर पादुका ठेवून नंदिग्रामी राहतो. भावार्थ हा संहितेचा स्वामी नव्हे, तिचा विश्वस्त होय, असा अर्थ येथे लावता येतो. एकनाथांना तो अभिप्रेत होताच, असा माझा दावा नाही. परंतु नाती गंभीरपणे घेतली की वाचक तेथवर पोहोचतो.

'रुक्मिणीस्वयंवरा'त (१५७१) जीवशिवाच्या ऐक्याचे सूत्र कथेला अधिक घट्टपणे बांधून ठेवते. रामायणात मात्र रूपक वारंवार मागे सरते आणि वानरांचा पराक्रम, विनोद, युद्ध यांनाच रंग भरतो. हे शैथिल्य मानण्याकडे एखाद्याचा कल होईल. मला तो कवीचा श्रोत्यावरील विश्वास वाटतो: प्रारंभी आतली दिशा एकदा दाखविली, की लंका कोठे जळते आहे हे प्रत्येक ओवीत सांगावे लागत नाही. युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापाशी एकनाथांचे लेखन थांबले आणि उरलेला ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. या उत्तरभागात रूपकाचे काय होते, हे या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.